मांडवात पोरं नकोत

८ जानेवारी २०१९, मंगळवार

आई-बाबांचं लग्न! शहरातल्या कुणी हे वाक्य वाचलं तर मला वेड्यात काढेल. पण वाचणार कोण? वही माझी, पेटी माझी.

आज डहाणूच्या ऑफिसात आमच्या प्रमुख सुषमाताईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं की संस्था यंदा सामूहिक लग्न लावणार. तलासरी आणि डहाणूच्या पाड्यांवर जी जोडपी वर्षानुवर्षं एकत्र राहतात, पोरंबाळं झाली, पण मांडव राहून गेला, त्यांचं. खर्च मुंबईची एक कंपनी करणार. ताई बोलता बोलता माझ्याकडे बघून हसल्या. मी काय समजायचं ते समजले.

आमच्यात हे नवं नाही. मागणी होते, सून घरात येते, संसार सुरू होतो. मांडव मात्र जमेल तेव्हा, कारण सगळा पाडा जेवायला घालायचा असतो. त्यात कसली लाज नसते. एकच मेख आहे — आई-बापाचा मांडव झाल्याशिवाय पोरांचा होत नाही. माझं घोडं तिथंच अडलंय! संदीपच्या घरून मागणी येऊन दोन पावसाळे गेले. आशागडचा आहे, डहाणू रोड स्टेशनला रिक्षा चालवतो, बिचारा गुणी आहे. त्याची आई म्हणते, तशीच ये राहायला, आम्ही कुठे नाही म्हणतो. मीच नाही म्हणते. मला मांडवातून जायचंय. शिकले म्हणून असेल, पण हट्ट आहे तो आहे.

संध्याकाळी ताईंना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईचं लग्न मी लावणार. लिहून ठेव." लिहून ठेवलं!

११ जानेवारी

घरी सांगितलं. बाबांनी अडकित्त्यातली सुपारी तशीच सोडली आणि बाहेर जाऊन बैलाशी बोलत बसले. आमचे भिकाशेठ आनंद झाला की माणसांशी बोलत नाहीत. आई — बायजी — तोंडावर पदर धरून इतकी हसली की चुलीवरचा भात लागला.

मग हळूच विचारलं, "पदर तूच धरशील ना पण?"

आमच्या पाड्याची रीत आहे. आई-बापाच्या मांडवात पोरं लागतात. धाकटं मांडीवर, मधली बाजूला, सगळ्यांना हळद लागते, आणि थोरलं पोर आईचा पदर धरून मागे चालतं. मी एकटीच, म्हणजे थोरली धाकटी सगळी मीच. म्हटलं, पदरही धरीन आणि मांडीवरही बसेन. आई म्हणाली, माझी मांडी मोडेल.

२० जानेवारी

सोमीकडे गेले. सोमी आमची धवलेरी — आमच्यात लग्न ती लावते, गाऊन. तिच्या गाण्याशिवाय लग्न उभंच राहत नाही. म्हातारी अंगणात ताडपत्रीखाली बसली होती. नोव्हेंबरपासून जमीन हादरतेय, त्यामुळे निम्मा पाडा बाहेरच झोपतो. सोमी मात्र म्हणते, धरतीमाय कूस बदलते, तिला बदलू दे.

तिनं सरळ सांगितलं, गाणं अर्ध्यात तोडायचं नाही. भिंतीवरचा देवीचा चौक सवाशिणींनी हातानंच काढायचा. आणि पोरं मांडवात पाहिजेत. हे जमत असलं तर येईन, नाही तर तुमच्या संस्थेकडं लाउडस्पीकर आहे, तो गाईल.

मी ताईंना तिच्या घरीच घेऊन आले. ताईंचं मला हे आवडतं — खुर्ची मागत नाहीत. सारवलेल्या जमिनीवर बसल्या, नागलीची भाकर मागून खाल्ली, सोमीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सगळं तुमच्या रीतीनं. माझा शब्द."

सोमीनं ताईंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "शबुद तुझा का तिचा?"

मी म्हटलं, दोघींचा.

२ फेब्रुवारी

काल मोठा हादरा बसला. भांडी पडली, शाळेच्या भिंतीला तडा गेला. आज दिवसभर ताडपत्र्या वाटल्या. सरकारी माणसं यायच्या आधी आमची गाडी पोहोचली होती! म्हाताऱ्या माझ्या गालावरून हात फिरवत होत्या. अशा दिवशी वाटतं, या नोकरीसाठी जन्म घेतला मी.

आणि का वाटू नये? बारावी झाल्यावर मी वापीला कंपनीत पॅकिंगला जाणार होते. ताईंनी अडवलं. स्कूटी शिकवली, कॉम्प्युटर शिकवला, माइक हातात देऊन उभं केलं. आईला कावीळ झाली तेव्हा दवाखान्यात माझ्याबरोबर बसून राहिल्या. आई अजून त्यांना देवमाणूस म्हणते.

या महिनाभरात पाडेच्या पाडे पालथे घातले. लोक आधी ऐकायचेच नाहीत. फुकटचं लग्न म्हणजे मागे काहीतरी असणार, असं म्हणायचे. मी प्रत्येक घरी तेच सांगितलं — सोमी गाणार, चौक हातानं, पोरं मांडवात, आणि माझेच आई-बाप बसणार आहेत. शेवटचं ऐकलं की माणसं विरघळायची. गंजाडची जमना तर म्हणाली, तुझी आई बसते तर मी डोळे मिटून बसते.

९ फेब्रुवारी

तारीख बदलली.

होळीनंतरची ठरली होती. होळीला वीटभट्टीवरची, रेतीवरची, भिवंडीतली सगळी माणसं घरी येतात. मामा-काका असल्याशिवाय मांडव कसला? आता ३ मार्च. कंपनीच्या मोठ्या साहेबांना नंतर परदेशात जायचंय म्हणे. आणि जागाही तलासरीचं मैदान नाही, डहाणूतला हॉल! सुनिल सर म्हणाले, भूकंपामुळे पाड्यात धोका आहे. सुनिल सर आमचे व्यवस्थापक. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. मैदान पडतं का कुणाच्या अंगावर? हॉल पडू शकतो!

हे मी बोलले. मोठ्यानं. ताई म्हणाल्या, निलम, थोडं त्यांचं, थोडं आपलं. बाकीचं सगळं तुझ्या मनासारखं होईल.

बरं.

१५ फेब्रुवारी

चौक फ्लेक्सवर छापून आला.

१६ फेब्रुवारी

काल एवढंच लिहून वही मिटली.

चौक म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेलं देवीचं घर. त्यात पालघट देवी. सवाशिणी काढतात, सोमी गाते, तोवर देवीवर कापड झाकलेलं असतं. इथे देवी प्रिंटिंगच्या दुकानात उघडी, गुंडाळी करून रिक्षाच्या टपावर आली! खाली कंपनीचं नाव, तिच्या पायांपाशी. संदीपच घेऊन आला. त्याला ठाऊक नव्हतं गुंडाळीत काय आहे. उघडल्यावर म्हणाला, झाक आधी.

ताईंकडे गेले. त्यांना खरंच वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. म्हणाल्या, हॉलच्या भिंतीला पीठ लावू देत नाहीत गं. मग एका फळीवर हातानं काढलेला छोटा चौक ठेवायचं ठरलं. फ्लेक्स मागे, फळी पुढे. माझ्या लेखी जिंकले.

सोमीला फळीचं सांगितलं. फ्लेक्सचं नाही.

२३ फेब्रुवारी

मीटिंग होती. जेवणाचं ठरलं, टेम्पो ठरले, मग सुनिल सर म्हणाले, मुलांचं काय करायचं ते बोलू.

मला वाटलं, मुलांच्या खाऊचं.

नाही. मुलं हॉलमध्ये नकोत. कंपनीला आपण सांगितलंय की गरीब मुलींची लग्नं लावून देतोय. साहेब येणार, त्यांची बायको आहेर देणार, फोटो निघणार, आणि नवरीच्या कडेवर पोर? कसं दिसेल ते? म्हणून त्या दिवशी सगळ्या मुलांसाठी आशागडच्या बालवाडीत चित्रकलेचं शिबिर. खाऊ, रंग, सगळं मिळेल. मुलांनाही मजा.

मी ताईंकडे पाहिलं. त्या पेनचं टोपण उघडत-मिटत होत्या. म्हणजे ठाऊक होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे.

म्हटलं, सोमीला शब्द दिलाय. तुम्ही दिलाय. मुलांशिवाय तो मांडवच नाही.

ताई म्हणाल्या, पाहुण्यांना आपल्या रीती समजावत बसलो तर ते आणखी काहीतरी समजतील. आपल्या बायकांनाच नावं ठेवतील. तेच मला नकोय. त्या बोलल्या की सगळं खरंच वाटतं! मीही अर्धा क्षण मान हलवली.

मग म्हणाल्या, शिबिर तू सांभाळ. तुझ्याशिवाय कुणाच्या हातात पोरं देणार नाहीत त्या.

"ताई, माझे आई-बाबा बसणारेत. मी त्यांची पोर आहे."

हिरूबाई — ऑफिसात चहापाणी बघते ती — चहाचे कप घेऊन दारातच थांबली. ताई उठून माझ्याजवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला.

"म्हणून तर तुला सांगतेय. तू अडलीस तर हे लग्न मोडेल, निलम. सगळ्यांचं. तुझ्या आईचंही."

भरवशाच्या म्हशीला टोणगा. आजी म्हणायची तेव्हा आम्ही हसायचो.

२४ फेब्रुवारी

आईला सांगितलं. मला वाटत होतं ती म्हणेल, मग नको मला असलं लग्न. मनातून तेच हवं होतं. तिनं नाही म्हटलं असतं तर मला म्हणावं लागलं नसतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "मग पदर?"

म्हटलं, संस्थेची कुणीतरी मुलगी धरेल. सुनिल सर बघतील.

तिनं मान खाली घातली आणि तांदूळ निवडायला लागली. बस! एवढंच! इतकी घाई झालीय हिला नवरी व्हायची? बाबा तर नव्या धोतराची घडी उलगडून परत घालत होते. रागानं जेवले नाही. संदीपचा फोन आला, त्यालाही टाकून बोलले. तो म्हणाला, तू एकदा हो म्हण, टेम्पोवाल्याला सांगून मी पोरांचा टेम्पो फिरवतो हॉलकडे. म्हटलं, आणि सगळ्यांचं मोडलं तर? आणि फोन ठेवून दिला.

२ मार्च

उद्या पोरं माझ्या स्वाधीन करायला बायका तयार आहेत, काहीच विचारत नाहीत. हेच सहन होत नाही.

३ मार्च, रविवार

सकाळी टेम्पो आले. मोठ्या टेम्पोत नवऱ्या, छोट्यात पोरं. जमनाची धाकटी आईच्या पदराला लोंबकळली होती. मी तिच्या मुठी सोडवल्या. एकेक बोट. हे काम मी केलं, दुसऱ्या कुणी नाही.

आई टेम्पोत चढताना माझ्याकडे बघत होती. मी पोरं मोजत असल्यासारखं केलं.

बालवाडीत रंग, कागद, चिवडा, लाडू. सुनिल सरांनी विषय दिला होता — माझं गाव. पोरांना विषयाशी काय देणंघेणं! सगळ्यांनी मांडव काढले. प्रगती नावाची एक चुणचुणीत पोर आहे, तिनं मांडवात आई, बाप, शेळी आणि स्वतःला काढलं. मला म्हणाली, तुझा पण काढू? मी म्हटलं, काढ. तिनं माझ्या आईच्या मागे मला उभं केलं, आईपेक्षा उंच, हातात पदर. मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

दुपारी सुनिल सरांना फोन लावला. मागे बँडचा आवाज. म्हणाले, सगळं मस्त चाललंय, काळजी करू नकोस.

मस्त चाललंय! माझ्याविना!

उन्हं उतरल्यावर पोरं घेऊन हॉलवर गेले. पाहुणे निघून गेले होते. बायका धावतच बाहेर आल्या. जमनानं आपल्या गळ्यावरची वाळलेली हळद बोटानं खरवडली आणि दोन्ही पोरांच्या कपाळाला लावली. तिचं बघून बाकीच्यांनीही तेच केलं. मला कुणी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

आई मागे, कठड्यावर बसली होती. जुन्याच लुगड्यात. आहेराची साडी काढून टाकली असणार. तिनं माझा हात धरला. तिचे हात कोरडे होते, हळदीचा डागसुद्धा नव्हता. म्हणजे धुऊनही झाली! पोरीच्या कपाळाला लावायची आठवण नाही राहिली. ती काहीतरी बोलायला लागली.

मी म्हटलं, "झालं ना एकदाचं? आता माझंही होईल." आणि हात सोडवून घेतला.

बाबा जमिनीकडे बघत होते.

५ मार्च

घरी गेले नाही. ऑफिसच्या मागच्या खोलीत राहतेय. ताईंना सांगितलं, हिशोबाची कामं आहेत. त्यांनी खोदून विचारलं नाही. त्यांनाही बरंच आहे ते.

भिंतीवर फोटो लागलेत. पुढच्या रांगेत तरण्या नवऱ्या, छान दिसताहेत. अगदी मागे बाबा. बाजूला आई, हनुवटीपर्यंत पदर ओढलेला. एवढा पदर तिनं आयुष्यात घेतला नाही. आणि तो कुणी धरलेलाही नाही, कोपरा जमिनीवर लोळतोय. मी तो फोटो पाठमोरा करून ठेवला. हिरूबाईनं पाहिलं. दोन दिवस झाले, चहा ठेवते आणि न बोलता जाते. हिला काय झालंय?

सोमी गायलीच नाही म्हणे. घसा बसला असं सुनिल सर सांगतात. सीडी लावली. म्हणजे लाउडस्पीकर गायला. म्हातारीचं खरं झालं.

संदीपच्या आईनं निरोप धाडला — आता तुमचा मांडव ठरवू या. मी काहीच कळवलं नाही. मला आईचंच तोंड बघायचं नाही, तर मांडवात तिच्या पाया कशी पडू? ताईंनी केसानं गळा कापला, कबूल. पण त्या परक्या. आई तर माझी होती.

८ मार्च

महिला दिन. संस्थेनं माझा सत्कार केला! शाल, नारळ, आणि एक रोपटं. डहाणूतल्या बऱ्याच बायका आल्या होत्या. ताईंनी भाषण केलं. म्हणाल्या, "ज्या आईनं हिला जन्म दिला, ती आई या लेकीमुळे मानानं मांडवात बसली." लोक टाळ्या वाजवत होते. मी शाल घेतली. नाही म्हणायला हवं होतं, पण माइकसमोर उभं राहायला त्यांनीच शिकवलं, माइकसमोर नाही म्हणायला नाही शिकवलं.

खरं सांगू? त्या क्षणी थोडं बरंही वाटलं. निदान आईचं झालं, असं वाटलं. माझं काय, मी राग गिळीन. होळीला घरी जाईन.

हिरूबाई मागे उभी राहून रडत होती. मला वाटलं, माझ्या कौतुकानं.

९ मार्च

संस्थेच्या स्कूटीची चावी टेबलावर ठेवली. घरी जायला तलासरीच्या एसटीत बसून लिहितेय, अक्षर हलतंय.

सकाळी हिरूबाईनं मला मोरीपाशी गाठलं आणि माझे पाय धरायला वाकली. म्हणाली, फोटोत तुझ्या बापाच्या बाजूला मी आहे बाय. साहेबांची बायको आहेर घेऊन पायऱ्या चढत होती, जागा रिकामी दिसेल म्हणून ताईंनी मला पदर ओढून बसवलं. तुझी आई हळदीच्या आधीच उतरून गेली. सोमी तिच्या मागोमाग. दिवसभर दोघी मागच्या कठड्यावर बसून होत्या. ताईंनी आम्हा सगळ्यांना बजावलं, निलमला कळलं तर ती नोकरी सोडेल. तुझी आई त्याच धाकानं गप्प राहिली.

उतरताना आई काय बोलली, ते मी हिरूबाईकडून दोनदा वदवून घेतलं.

"माझा पदर धरणारी तिकडं लोकांची पोरं राखते. मी चालू कशी?"